ओसाकाची चौकी

"मग पोलिसाने विचारलं, नवऱ्याचं नाव सांगा," अरविंद म्हणाला आणि थांबला. असं थांबणं त्याला छान जमायचं. "आणि ही गप्प."

कृष्णमूर्ती हसले. त्यांची नोकरीची पहिली वर्षं बेळगावात गेली होती. मराठी त्यांना चांगलं येत होतं, आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हेही ठाऊक होतं.

ते कारखान्याचे मोठे साहेब. रविवारी दुपारी अरविंदच्या जयनगरच्या घरी जेवायला आले होते. आठ नव्या इंजिनियर मुलांना वर्षभर शिकण्यासाठी ओसाकाला पाठवायचं होतं. त्यांचा प्रमुख म्हणून कोण जाणार, अरविंद की त्याच्याच खात्यातले भीमाचार्य, हे साहेबांनी अजून सांगितलं नव्हतं. प्रमुखाला बायको बरोबर नेता येणार होती.

सकाळी शेंगांची चटणी कुटताना चंपाने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, "जपानचा विषय निघाला की चौकीची गोष्ट सांगा. साहेबांना आवडेल."

दोघं ओसाकाला एकदा जाऊन आले होते. एकसष्ट साली लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत अरविंदचं प्रशिक्षण निघालं. अरविंदची आई, चंद्राबाई, त्याला अजूनही मधुचंद्रच म्हणत. सहा महिन्यांचा मधुचंद्र, तोही सरकारी खर्चाने. रोज संध्याकाळी दोघं बाहेर पडायचे. ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि गल्ल्यागल्ल्यांतून चालत परतायचं. चंपाच्या चपला तिथेच झिजल्या. तिथल्या दुकानात तिच्या मापाच्या मिळाल्या त्या लहान मुलांच्या.

"ही रस्ता चुकली तेव्हा पार दिवेलागण झाली होती," अरविंद पुढे सांगू लागला. "थंडी अशी की बोटं वाकेनात. पोलीस म्हातारा होता, सज्जन. त्याने शेगडी जवळ सरकवली. बिनसाखरेचा हिरवा चहा दिला. संत्रं सोलून दिलं आणि साली शेगडीवर ठेवल्या. सगळ्या चौकीभर तो वास. सगळं झालं, पण नाव काही तोंडातून बाहेर पडेना."

"लग्नात उखाणा तर ठसक्यात घेतला होतास," चंद्राबाई सुनेला म्हणाल्या. "तिथे स्वल्प धीर करायचा. जपानात कोण बसलं होतं ऐकायला?"

"घेतलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, आई, की परदेशात गेली आणि लाज सोडून आली."

"म्हटलंच असतं," चंद्राबाईंनी कबूल केलं आणि साहेबांच्या पानात आणखी एक वांगं वाढलं.

"आणि तुम्ही कसं शोधलंत?" कृष्णमूर्तींनी अरविंदला विचारलं. "भाषा येत होती?"

अरविंदने पाण्याचा पेला उचलला. "दुकानादुकानांतून विचारत गेलो."

"पण काय विचारलंत?"

अरविंद पाणी पीत राहिला.

"हाताने उंची दाखवायची," चंपा म्हणाली. भाताचं पातेलं डाव्या हाताने कडेवर धरून तिने उजवा हात डोक्याच्याही वर नेला. "मग भोवती बोट फिरवायचं, म्हणजे पाहिलंत का. लोकांना कळतं. मासळीच्या दुकानावरून डावीकडे वळायचं, मग छत्र्यांची दुकानं, मग पूल. पलीकडे चौकी."

"हरवलेल्या माणसाला रस्ता फारच पाठ आहे."

"हरवल्यावरच पाठ होतो, साहेब."

कृष्णमूर्तींना ते फार आवडलं. ते चमचाभर गोड कुंदा खाऊन बराच वेळ मान डोलावत राहिले.

"भीमाचार्यांना मशीनमधलं जास्त कळतं," ते अखेर म्हणाले. "राग मानू नका, तुमच्यापेक्षा जास्त. पण ही मुलं बावीस-तेवीसची. घर सोडून कधी राहिलेली नाहीत. एखादा भरकटला तर न घाबरता शोधून आणणारा माणूस पाहिजे. सरी, ठीक आहे, ठरलं. अरविंद, तुम्ही जा."

चंद्राबाई उठल्या आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. चंपाने पातेलं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि ते लपवायला ती विड्यांचं तबक आणायला वळली.

हात धुऊन आल्यावर कृष्णमूर्तींनी तबकातला विडा उचलला. "फक्त एक," ते अरविंदला म्हणाले. "या खेपेला यांना इथेच राहू द्या. वर्षभर आठ मुलं सांभाळाल, की बायकोला शोधत हिंडाल?"

ते स्वतःच मोठ्याने हसले. अरविंदही हसला, जरा उशिराने.

"सर, एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"बोला."

अरविंदने चंपाकडे पाहिलं. तबक तिच्या हातात स्थिर होतं. तिने मान हलवली, नाही म्हणून, अगदी किंचित.

"काही नाही, सर. थँक यू."

साहेबांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघं फाटकाशी उभे राहिले. समोरच्या घरातून रेडिओवरच्या कन्नड बातम्या ऐकू येत होत्या. अरविंदने फाटकाची कडी लावली, मग काढली, मग परत लावली.

"मी उद्या ऑफिसात जाऊन सांगतो," तो म्हणाला.

"काय सांगणार? प्रमुखपणही जाईल."

"मग काय करू?"

"जा," चंपा म्हणाली. "काम तुम्हाला येतं. मुलांनाही तुम्ही नीट सांभाळाल, त्याची मला काळजी नाही."

"मग कसली आहे?"

तिने पुढे होऊन त्याच्या हातातली कडी घट्ट बसवली.

"या खेपेला त्या चौकीतून तुम्हाला घरी आणायला कोण येणार?"