वाटेतलं घर

बुजलेली खाडी तिच्या जुन्या वाटेनं मोकळी केली, तर उधाणाचं पाणी गावात शिरणार नाही. त्यासाठी सरकारी अनुदान मागणारा शाळेतल्या बाईंचा अर्ज साहेबांना मनापासून आवडला होता. पाहणीला आल्यावर बाईंच्या घरी चहा घेता घेता त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"खाडीच्या वाटेत हे एक घर येतंय. पाडायच्या वेळी मालक आडवा आला, की सगळं मुसळ केरात! असे नग फार पाहिलेत मी."

"मालकीण आहे. तयार आहे ती."

"रडली-भेकली असेल?"

"रडली ना, दिवसभर. मग डोळे पुसून हा अर्ज लिहायला बसली."

साहेब हातातल्या कपासकट ताडकन उभे राहिले.

"बसा हो," बाई हसल्या. "अजून आहे घर."