सातवा भाग

"आजोबा, तुमच्या शर्वरीला पहिलं बक्षीस," वाचनालयाच्या बालविभागातल्या फणसेबाई म्हणाल्या. "रविवारी तिनं अभिप्राय सगळ्यांसमोर वाचायचा. सातवा भाग तिला तिथंच देऊ."

शर्वरी, माझी नात, दोन वर्षांपूर्वीच नागपूरला राहायला गेली होती. तिच्या कार्डावर जादूच्या बेटाच्या गोष्टीचे सहा भाग मीच नेले होते. बालविभागात मोठ्यांना पुस्तक मिळत नाही, आणि वाचलेल्या भागावर मुलानं वहीत स्वतः अभिप्राय लिहिल्याशिवाय पुढचा मिळत नाही. तो मी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात लिहीत होतो.

"तिला ताप आहे," मी म्हणालो.

"रविवारला पाच दिवस आहेत अजून."

"ती लाजते हो लोकांसमोर."

"लाजू दे की. काय लिहिलंय पोरीनं." बाईंनी वही उघडून वाचलं, "'ही गोष्ट मला आवडते, कारण यातली मुलगी शेवटपर्यंत भित्रीच राहते, तरी प्रत्येक वेळी दार तीच उघडते.'"

सातवा भाग त्यांच्या कोपराखाली होता आणि ती मुलगी अजून बेटावर अडकलेली होती. मी तर सत्तर वर्षांत चारचौघांसमोर कधी बोललो नव्हतो.

शेवटी मी पेन डाव्या हातात धरलं आणि त्या ओळींखाली, त्याच अक्षरात लिहिलं, 'रविवारी मी येईन.'

बाईंनी आधी वरच्या ओळींवरून, मग माझ्या ओळीवरून बोट फिरवलं.

"अकराला या," त्या म्हणाल्या. "पण सतरंजीवर बसावं लागेल."