मूठभर शेंगदाणे

फौजदाराने सतरा गडी चावडीपुढे उकिडवे बसवले आणि भाजक्या शेंगदाण्यांचं पोतं मधोमध ओतलं.

"एकेकानं मूठभर खायचं. हंबीरराव इथंच आहे. त्याचं तोंड आम्ही पाहिलेलं नाही. पण दाणा खाल्ला की त्याचे ओठ सुजतात, श्वास कोंडतो, एवढं कळलंय."

बायकांच्या घोळक्यात चंद्राबाईने पदर तोंडात कोंबला.

बेचाळीस साली भूमिगत झाल्यापासून हंबीरराव गावात तीन घरी पाळीपाळीने जेवायचा. केरबाकडे, धुळाकडे आणि तिच्याकडे. पहिल्याच दिवशी त्याने ताटातली चटणी बाजूला सारली होती.

"आक्का, शेंगदाणा मला विखासारखा. एक दाणा गेला तरी घसा मिटतोय."

त्या काळी दाण्याच्या कुटाशिवाय कालवण कुणाच्या घशाखाली उतरत नसे. तरी चंद्राबाईने घरातून दाणा हद्दपार केला. चटणी कारळ्याची, तेल करडईचं. तिचा मुलगा गुंडा कुरकुरायचा, "आये, मामापायी आमचं बी त्वांड बेचव केलंस!" आता गुंडाही घरी नव्हता. तीन महिने साताऱ्याला कोठडीत होता. मागच्याच सोमवारी ती त्याला भेटून आली. पाठीवर कातडं उरलं नव्हतं.

हंबीरराव ओळीत शेवटून दुसरा बसला होता, फलटणकडचा सालगडी म्हणून.

केरबाने दाणे थुंकले तशी त्याच्या कानाखाली काठी बसली. धुळाला घाईत ठसका लागला, डोळे लाल झाले.

"हाच!" शिपाई ओरडला. बंदुकीच्या दस्त्याने धुळाचे दोन दात पडले. रक्ताबरोबर दाणे मातीत सांडले.

"आवं, माझा ल्योक हाय त्यो! हितंच जलमला!" त्याच्या म्हाताऱ्या आईने टाहो फोडला. पाटलाने शपथ घेतली तेव्हा कुठे त्याला सोडला.

मग हंबीररावाची मूठ भरली. चंद्राबाईची नजर त्याच्या ओठांवरून हलेना. त्याने चावले, गिळले आणि पुन्हा हात पुढे केला.

"सायेब, लय खमंग हायत. गूळ मिळंल का?"

फौजदाराने त्याच्या छातीत लाथ घातली. तासभर सगळ्यांना उन्हात बसवलं. धुळाचे फुटलेले ओठ सोडले तर कुणाचेच सुजले नाहीत. पोलीस रिकाम्या हातांनी गेले.

दुपारी हंबीरराव चंद्राबाईच्या सोप्यात आला. मागोमाग केरबा आणि तोंडाला रक्ताळलेलं फडकं धरलेला धुळा. केरबाने आतून कडी घातली.

"वाचलास रं बाबा," चंद्राबाई म्हणाली. "पर दाणा कसा पचला तुला?"

हंबीरराव तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"मला समदं पचतंय, आक्का. केरबाला म्या वांगं सांगितलं हुतं, धुळाला दूध. शेंगदाणा फकस्त तुमाला."