यंत्र काय शिकलं

शाळा सुरू होण्याआधीच्या मेंदू-तपासणीत चित्रकलेच्या दाभाडे सरांवर लाल दिवा लागला: मुलांविषयी लैंगिक ओढ. नोकरी तिथेच संपली.

"मॅडम, मी नुसता घाबरलो होतो हो!"

"यंत्र भीती मोजत नाही, सर," ते यंत्र घडवणारी शाल्मली म्हणाली.

सर गेल्यावर तिला आठवलं. यंत्राला शिकवताना मुलांवर अत्याचार केलेल्या, तुरुंगातल्या गुन्हेगारांना तपासणी कशाची हे तिने नियमाप्रमाणे सांगितलं होतं. तुलनेसाठी आणलेल्या सामान्य माणसांना मात्र, बिथरू नयेत म्हणून, 'स्मरणशक्तीची चाचणी' एवढंच सांगितलं होतं. मग यंत्र ओढ ओळखायला शिकलं, की भीती?

ती स्वतःच यंत्रात झोपली. सरांचा चेहरा आठवून भीतीने छाती धडधडू लागली.

दिवा लाल झाला.

ती दाराकडे धावली. सर निघून गेले होते. तपासणीच्या रांगेतल्या पुढच्या बाई घाम पुसत उभ्या होत्या.