केकचा कोपरा

खोक्याचं झाकण हातात धरून सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. खोक्यात चर्चच्या पाळकबाईंनी उद्यासाठी स्वतः केलेला पांढऱ्या क्रीमचा केक होता, आणि त्याचा एक अख्खा कोपरा गायब होता. सुरीनं कापलेला नव्हता, बोटांनी तोडलेला होता.

"घ्या! उद्या मंडळीसमोर हा ठेवायचा का?"

सून सिंकपाशी पाणी पीत होती. तिनं ग्लास विसळला, बाह्या खाली केल्या आणि मग वळली.

"दुसरं कोण असणार?" सासूबाईंनी आतल्या खोलीकडे मान उडवली. "तुझी मुंगी."

मुंगी हे नाव पोरीबरोबर बालगृहातून आलं होतं. तिथे ती पावाचे तुकडे उशीखाली साठवायची. या घरी आल्यावरही काही दिवस साठवले, मग ते आपोआप थांबलं. पण पुढे बरणीतल्या मनुका उतरू लागल्या, मधाची बाटली हलकी झाली. सासूबाईंनी एकदा दरडावून विचारलं, तर पोरगी नुसती खाली बघत राहिली. सासूबाईंना तेवढं पुरलं.

वास्तविक मनुका-मध सोडले तर या घरात गोडाचं नाव नव्हतं. नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हापासून सुनेनं साखर, मैदा, तळण सगळ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि आता स्वतः मात्र जिन्यानं चढतो म्हणून भेटेल त्याला सांगत सुटायचा. चर्चच्या हॉलमध्ये सून बायकांना पौष्टिक स्वयंपाक शिकवायची. पाळकांनी एकदा उपदेशातसुद्धा तिचं उदाहरण दिलं होतं, की जिभेवर ताबा असावा तर असा. पाळकबाईंना हे सगळं माहीत होतं, पण आनंदाचा दिवस म्हटला की त्यांचा हात क्रीमकडेच जायचा. त्यांना कोण सांगणार!

आणि उद्या आनंदाचाच दिवस होता. बालगृहाच्या बाई आज शेवटच्या भेटीला यायच्या होत्या. त्यांनी हो म्हटलं की मुंगी कायमची या घरची, आणि उद्याच्या उपासनेत तिच्यासाठी देवाचे आभार मानणारी उपकारस्तुती. नाही म्हटलं, तर पोरीची बॅग भरायची.

मुंगी नवऱ्याला बाबा म्हणायची, सासूबाईंना आजी. सुनेला मात्र मावशी. बालगृहात स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या बायका मावशीच असतात. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ते तिला रोज लागायचं.

बाई वेळेवर आल्या. टेबलावर मसुराचं सूप, वाफवलेल्या शेंगा आणि घरी भाजलेला गव्हाचा पाव होता. नवऱ्यानं डोळे मिटले.

"प्रभू, या ताटाबद्दल तुझे आभार. या घरात कुणालाही काही लपवावं लागू नये. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. सुनेनं मात्र सूप वाढायला घेतलं.

"अगं, तू जेवत नाहीस?" नवऱ्यानं विचारलं.

"भूकच मेली."

सासूबाईंच्या पोटात काही राहत नसे. सूप संपायच्या आत त्यांनी खोका आणून टेबलावर ठेवला. "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? हे बघा. उद्या चारचौघांत आमची शोभा होणार."

"आई, अगं जेवताना तरी..." नवरा पुटपुटला.

बाईंनी केक पाहिला. मग मुंगीकडे वळून शांतपणे विचारलं, "तू खाल्लास?"

मुंगीनं आधी खोक्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. "हो."

"भूक लागली होती?"

"नाही."

"मग?"

"गोड होता."

"आणि मनुका? मध?" सासूबाई.

"मीच."

मावशीचे कान तापले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नजर सुपावरून हलेना.

"तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी तिला विचारलं.

बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं. मुंगी पावाचा कडेचा भाग बारीक कुस्करत होती.

"लेकरू आहे," ती शेवटी म्हणाली. "चुकतं. मी माफ केलंय तिला."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "मुलं हट्ट करतात, चोरतात, खोटंही बोलतात. ते मला नवीन नाही. तेव्हा घर काय करतं, हे बघायला मी येते. माझ्याकडून हो आहे."

नवऱ्यानं सरळ हुंदका दिला. सासूबाईंनी डोळे पुसले, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. आई असावी तर अशी." मग मुंगीकडे बोट केलं. "पण तू उद्या पाळकबाईंची क्षमा मागायची. सगळ्यांसमोर."

मुंगीनं मान डोलावली. मावशीनं सगळ्यांची रिकामी ताटं उचलली आणि ती आत गेली.

बाईंना निरोप द्यायला नवरा आणि सासूबाई फाटकापर्यंत गेले. ती बाह्या वर न करताच वाडगे घासत राहिली. मनगटापर्यंतचं कापड भिजलं तरी तिला भान नव्हतं. मागे स्टूल सरकवल्याचा आवाज झाला. मुंगी त्यावर चढली, तिनं फडक्याचं टोक नळाखाली ओलं केलं आणि मावशीचं कोपर धरून आपल्याकडे वळवलं. मावशीनं वर पाहिलं नाही. पोरीच्या तोंडाकडे बघायची तिला लाज वाटत होती.

"बाई होत्या म्हणून मघाशी बोलले नाही, आई," मुंगी हळूच म्हणाली. "तुझ्या बाहीला क्रीम लागलंय."