एका हाताने

"एका हाताने उघडतो का?" बाईंनी पुन्हा विचारलं.

दुकानदार गिऱ्हाईक बुटांवरून ओळखायचा. डोंगर चढणारे, गाडी पळवणारे आणि नुसतेच मिरवणारे, असे त्याचे तीन कप्पे होते. हे जोडपं एकाही कप्प्यात बसेना. बाईंच्या पायात घरातल्या सपाता, नवऱ्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली. पण घडीचे चाकू बाई अशा पारखत होत्या, की जन्म त्यातच गेला असावा.

"गाडीत ठेवायचाय ना? मग हा न्या. अपघातात सीटचा पट्टा कापायचा आकडा आहे. पातं आत दडलेलं, बोट जायचं नाही."

बाईंनी पिशवीतून जुन्या चादरीची पट्टी काढली, पिळून जाड केली आणि आकड्यात घालून ओढली. आकडा धाग्यांत रुतून बसला.

"ताई, गाडीत चादर कोण बांधतं?" दुकानदार हसला.

"गाडी नाही आमच्याकडे," नवरा म्हणाला.

घरी मुलगा होता. एकोणीस वर्षांचा. गेल्या महिन्यात शेजाऱ्याने वेळेत खाली उतरवला, म्हणून होता. तेव्हापासून दारांच्या कड्या गेल्या, पंखे गेले, सुऱ्या मावशीकडे गेल्या. भाजीसुद्धा तिच्याकडूनच चिरून यायची. आत्ता ती मावशीच त्याच्या दाराशी बसली होती, आणि तिलाही तिचं घर होतं.

"अगं, घरातली पाती आपणच बाहेर काढली," नवरा हळूच बोलला. "आणि आता हा आत न्यायचा?"

"माझ्या अंगावर राहील. झोपतानासुद्धा."

"झोपतेस कुठे तू."

बाई दुकानदाराकडे वळल्या. "चादर कापेल पण माणसाला लागणार नाही, असा आहे का एखादा?"

"असा चाकू अजून जन्माला यायचाय, ताई. कापणारा कापणारच. हात कुणाचा, ते त्याला काय कळतं?" तरी त्याने खालच्या खणातून एक काढला. "हा बघा. टोक बोथट. अडकलेल्याला सोडवताना भोसकला जाऊ नये म्हणून. धार मात्र दातेरी."

पिळलेली पट्टी एका ओढीत तुटली. नवऱ्याने पात्यावर अंगठा टेकवला आणि झटकन उचलला.

"लागतं," तो म्हणाला. "याने पण लागतं."

बाईंनी चाकू मिटला, एका हाताने उघडायला गेल्या. जमेना.

"अहो, दोन्ही हातांनी उघडा की," दुकानदार म्हणाला. "दुसरा हात मोकळाच असणार."

"नसेल मोकळा."

"का? त्यात काय असेल?"

बाई नवऱ्याला म्हणाल्या, "इकडे या हो. असे उभे राहा."

त्यांनी डावा हात त्याच्या कमरेभोवती घातला, कपाळ त्याच्या छातीत रोवलं आणि त्याला वर उचलायला जोर लावला. दुकानदाराने सभ्यपणे मान वळवली. या वयात, आणि भर दुकानात!

"मी त्याच्यापेक्षा जड आहे गं."

"असू द्या. तुम्ही जोर देऊ नका. अंग सैल सोडा."

त्याने अंग सैल सोडलं. गुडघे वाकले, सगळा भार बाईंच्या एका हातावर आला. उजव्या हाताचा अंगठा पात्याच्या खाचेवर चाचपडला, घसरला, पुन्हा बसला. खट्.

"बघा!" दुकानदार खूश झाला. "उघडला की नाही झटक्यात?"

बाईंचं लक्ष नव्हतं. उघडा चाकू हातात धरून, दात आवळून, त्या अजून उचलतच होत्या. नवऱ्याचे पाय जमिनीवरून सुटत नव्हते.