बाद नमुना

"कोळशाला उघडा हात कुणी लावला?" आलेख बघताच सर संघमित्रावर भडकले.

प्रयोगशाळेतल्या यंत्रानं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांच्या राळेचा माग अचूक काढला होता. पण शेजारीच आणखी एक उंच रेघ उठली होती, माणसाच्या त्वचेतल्या ताज्या तेलाची.

तो तुकडा तिला बाबांनी खाणीतून आणून दिला होता. "हातमोजे घाला म्हटलं होतं ना!" ती केवढी ओरडली होती. "साबणानं धुतले ना बाई हात," ते ओशाळून म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी खाणीचं छत कोसळलं. बाबांचं नखही सापडलं नाही. तिची रजा सरांनीच मंजूर केली होती, अर्जातलं कारण न वाचता.

"फेकून दे हा," सर म्हणाले. "दुसरा मागव. आणि या वेळी वडिलांना बजावून सांग, हातमोजे घालायचे."